गोव्याची हद्द : बैल, आगगाडी आणि पाऊल

पवनेच्या कांठीं पिंपळे गुरव येथें माझें घर आहे. ह्यास गांव म्हणावयाचें तें केवळ जुन्या संवयीनें. आतां तो पिंपरी-चिंचवड शहराचा एक भाग होऊन गेला आहे. सायंकाळीं कासारवाडीच्या बाजूस मुंबई-पुणें रस्त्यावर जाऊन उभें राहिलें, म्हणजे पिशव्या व पेट्या घेऊन गोव्याच्या गाडीची वाट पाहणारीं माणसें दृष्टीस पडतात. त्यांत कारखान्यांतील तरुण असतात, नवविवाहित जोडपीं असतात, आणि माहेरीं अगर आजोळीं निघालेल्या गोमंतकीय बायकाही असतात. उतारू रात्रीं गाडींत झोंपतो आणि पहांटे डोळे उघडतो तो गोव्यांत. बांदें केव्हां मागें पडलें आणि पत्रादेवी केव्हां आली, ह्याची त्यास वार्ताही नसते. ज्या जागीं १९५५ सालीं निःशस्त्र माणसांवर गोळ्या झाडल्या गेल्या, ती जागा तो कूस बदलतां बदलतां ओलांडून जातो.

श्रोतेहो, ह्या हद्दीचा इतिहास पुष्कळांनीं सांगितला आहे. तो बहुधा राजांच्या, तहांच्या आणि लढ्यांच्या अंगानें. मी आज तो वाहनांच्या अंगानें सांगणार आहें. हद्द नकाशावर आंखतात राज्यकर्ते. परंतु ती कोठें बळकट आणि कोठें पोकळ राहावयाची, हें तिजवरून कोण कशानें जातो, ह्यावर ठरतें. वाहन जितकें मोठें आणि वेगाचें, तितकें तें अडविणें सोपें असतें. पायीं चालणाऱ्या मनुष्यास अडविणें सर्वांत कठीण. ऐकतांना हें उलटें वाटेल, पण गोव्याच्या हद्दीनें हा अनुभव वारंवार दिला आहे.

प्रथम हद्द पाहूं. पोर्तुगीजांनीं १५१० सालीं गोवें घेतलें, तरी पुढें सुमारें अडीचशें वर्षें त्यांची सत्ता मुख्यतः तिसवाडी, बारदेश आणि साष्टी ह्या किनाऱ्याकडील महालांपुरतीच होती. पेडणें, डिचोली, सत्तरी, फोंडें, सांगें, केपें, काणकोण हे प्रांत त्यांस मिळाले ते अठराव्या शतकाच्या उत्तरार्धांत. तेव्हांपासून गोव्याची हद्द पूर्वेस सह्याद्रीच्या माथ्यास भिडली, उत्तरेस तेरेखोलच्या खाडीवर थांबली आणि दक्षिणेस कारवारच्या मुलखास लागली. अशा हद्दीवर मोठा रस्ता एकही नव्हता. होत्या त्या घांटवाटा. रानांतून चढणाऱ्या, पावसाळ्यांत बंद पडणाऱ्या. त्यांवरून चालत बैलांचे तांडे.

वंजारी आणि लमाणी लोकांचे हे तांडे घांटावरून धान्य घेऊन उतरत आणि परततांना नारळ, सुपारी व मुख्यतः मीठ घेऊन चढत. घांटावर मीठ पिकत नाहीं, आणि मिठावांचून माणसाचें आणि गुराचें चालत नाहीं. म्हणून ह्या हद्दीचा खरा विषय पुष्कळ काळ मीठ हाच होता. ह्याचा एक उत्तम दाखला शिवछत्रपतींच्या पत्रांत सांपडतो. १६७१ सालीं कुडाळच्या नरहरी आनंदराव ह्या अधिकाऱ्यास महाराजांनीं मिठासंबंधीं आज्ञा पाठविली. बारदेशचें, म्हणजे पोर्तुगीज अमलांतील, मीठ स्वस्त पडे. त्यामुळें उदमी तिकडे वळत आणि स्वराज्यांतील संगमेश्वराकडच्या मिठास गिऱ्हाईक राहात नसे. तेव्हां बारदेशच्या मिठावर अशी जबर जकात बसवावी कीं, तें आपल्या मिठाहून स्वस्त पडूं नये, असा त्या आज्ञेचा आशय आहे. आपल्या मालास संरक्षण देणारी जकात ही कल्पना आपण युरोपाकडून उचलली असें समजणाऱ्यांनीं हें पत्र अवश्य पाहावें. राजाचें लक्ष मिठाच्या गोणीच्या भावापर्यंत पोहोंचलेलें होतें!

तथापि जकात बसविणें वेगळें आणि ती वसूल होणें वेगळें. तांडा एका घांटांत अडविला तर तो दुसऱ्या घांटानें चढे. रामघांट, तिनईघांट, केळघांट, शिवाय जनावरांच्या पायांनीं पडलेल्या कितीएक वाटा! प्रत्येक वाटेवर चौकी ठेवावयाची तर मिठाच्या उत्पन्नाहून शिपायांचा पगार अधिक व्हावयाचा. बैलांच्या काळांतली हद्द म्हणजे चाळणी होती, आणि दोन्हीं बाजूंचे राज्यकर्ते तें जाणून होते.

१८१८ नंतर बेळगांवाकडचा मुलूख इंग्रजांकडे गेला आणि मिठाचा प्रश्न अधिकच तीव्र झाला. इंग्रज सरकारनें मिठावर भारी कर बसविला होता. १८८८ सालीं तो मणामागें अडीच रुपये होता. मण म्हणजे आजच्या हिशेबानें सुमारें ३७ किलो. असा कर असतां शेजारच्या परक्या राज्यांत करावांचून मीठ पिकत असेल, तर तें घांट चढून येणारच. हा चोरटा व्यापार शिपायांच्या बळावर थांबेना, तेव्हां इंग्रजांनीं दुसरी युक्ति योजिली. त्यांनीं हद्दच काढून टाकली!

हें शब्दशः खरें आहे. २६ डिसेंबर १८७८ रोजीं लिस्बन येथें इंग्रज आणि पोर्तुगीज ह्यांच्यांत एक तह झाला आणि १८८० च्या जानेवारीपासून तो अमलांत आला. त्या अन्वयें गोवें आणि ब्रिटिश हिंदुस्थान ह्यांमधील खुष्कीची जकात उठली. माल इकडून तिकडे मोकळेपणीं जाऊं लागला. ह्याचा मोबदला म्हणून गोव्यांतील मिठागरें इंग्रजांच्या देखरेखीखालीं गेलीं आणि त्यांबद्दल पोर्तुगीज सरकारास दरसाल चार लाख रुपये मिळूं लागले. हद्दीवर पहारा ठेवण्यापेक्षां परक्याच्या मिठागरांतच जाऊन बसणें इंग्रजांस किफायतीचें वाटलें. मिठागरांवर पोट भरणाऱ्या आगऱ्यांना आणि माडाचा रस काढणाऱ्या रेंदेरांना तें किती महाग पडलें, हा प्रश्न लिस्बनच्या मेजावर कोणी विचारल्याचें दिसत नाहीं. रेंदेरांचा संबंध असा कीं, मिठाबरोबर इंग्रजी पद्धतीचा अबकारी करही गोव्यांत आला.

ह्याच तहाच्या पोटांतून आगगाडी जन्मास आली. मुरगांवच्या बंदरापासून निघून घांट चढून ब्रिटिश मुलखांतील रेल्वेस मिळणारा मार्ग इंग्रजी भांडवलानें बांधावयाचा, असें ठरलें. १८८७ मध्यें मुरगांवापासून सावर्ड्यापर्यंत गाडी सुरू झाली आणि १८८८ च्या फेब्रुवारींत ती हद्दीपर्यंत पोहोंचली. मधल्या घांटास पोर्तुगालच्या राजघराण्याचें नांव मिळालें, ब्रागांझा घांट. आपल्या बोरघांटाप्रमाणेंच तेथेंही ३७ फुटांस एक फूट चढ आहे. बोगद्यांमागून बोगदे येतात, आणि दूधसागरचा धबधबा गाडीच्या खिडकीशीं येऊन कोसळतो. पुण्याहून मिरज, बेळगांव, लोंढा असा मार्ग झाल्यावर तर पुण्यापासून मुरगांवपर्यंत सर्व रूळ एकाच मीटरगेज मापाचे झाले. संस्कृताच्या ओढीनें धर्मानंद कोसंबी १८९९ च्या अखेरीस गोव्यांतील घर सोडून निघाले आणि पुण्यास येऊन डॉ. भांडारकरांना भेटले, तो हाच काळ. गोमंतकांतून विद्येसाठीं, गायनासाठीं, नाटकासाठीं, नोकरीसाठीं माणसें बाहेर पडूं लागलीं होतीं. मुंबईस जाणारे बोटीनें जात, घांटावर येणारे रेल्वेनें.

परंतु येथें इतिहासानें मोठी थट्टा केली. ज्या तहाच्या भरंवशावर हा लोहमार्ग बांधला, तो तह बारा वर्षांच्या मुदतीचा होता. १८९२ च्या जानेवारींत ती मुदत संपली आणि तह पुन्हां झाला नाहीं. जकात परत आली. गाडी घांटापर्यंत पोहोंचून पुरीं चार वर्षेंही झालीं नव्हतीं. मोकळ्या बाजारपेठेसाठीं बांधलेल्या रुळांवर आतां दोन जकातघरें उभीं राहिलीं. घांटाच्या माथ्यावर कॅसल रॉक येथें इंग्रजांचें आणि पायथ्याशीं कुळें येथें पोर्तुगीजांचें. दोहोंमध्यें सुमारें सोळा मैलांचें रान.

आणि आतां हद्दीचें रूपच पालटलें. शेंकडों पायवाटांवर विखुरलेली हद्द दोन फलाटांवर गोळा झाली. तांडा चौकी चुकवून जाई. आगगाडीस तें करतां येत नाहीं. रूळ जिकडे नेतील तिकडेच ती जाणार आणि जेथें थांबवाल तेथेंच थांबणार. जें काम शंभर चौक्यांना साधलें नव्हतें, तें दोन स्टेशनांनीं साधलें. प्रवाशास पासपोर्ट लागत नसे, त्यामुळें माणसांची ये-जा चालू राहिली. पण प्रत्येकाची पेटी उघडली जाई. पुढें मोटारी आल्या, सांवतवाडीकडून बांद्यावरून आणि बेळगांवाकडून अनमोडावरून रस्ते वाहूं लागले. पण मोटारीची गत आगगाडीसारखीच. रस्त्यावर आडवा बांबू टाकला कीं तिचें काम संपलें.

हा फरक राजकारणांतही दिसून येतो. १८ जून १९४६ रोजीं डॉ. राममनोहर लोहिया ह्यांनीं मडगांवीं सभाबंदी मोडली आणि गोव्याच्या स्वातंत्र्याचा प्रश्न ऐरणीवर आणला. त्यांना हद्दीबाहेर घालविण्यांत आलें. सप्टेंबरअखेर ते पुन्हां आगगाडीनें आले, तेव्हां कुळें स्टेशनांतच पोलिसांनीं त्यांना पकडिलें. पोलिसांस रानांत शोध घ्यावा लागला नाहीं; पाहुणा त्यांच्या दाराशींच येऊन उतरला होता.

१९४७ सालीं इंग्रज गेले, पोर्तुगीज मात्र गेले नाहींत. १९५४ मध्यें भारत सरकारनें प्रवासावर निर्बंध घातले. त्याच वर्षीं दादरा आणि नगर हवेली पोर्तुगीजांच्या हातून निसटली, आणि १५ ऑगस्ट रोजीं गोमंतकीय सत्याग्रहींच्या एका तुकडीनें तेरेखोलच्या किल्ल्यांत शिरून तिरंगा फडकविला. पुढील वर्षीं ह्या लढ्याचें एक मोठें ठाणें आपलें पुणें झालें. गोवा विमोचन सहायक समिति येथें काम करीत होती, आणि १८ मे १९५५ रोजीं नानासाहेब गोरे आणि सेनापति बापट ह्यांच्या नेतृत्वाखालीं पहिली मोठी तुकडी हद्द ओलांडून गेली. सेनापतींचें वय तेव्हां चौऱ्याहत्तर होतें. जुलैंत मधु लिमये गेले. गोऱ्यांना आणि लिमयांना लांब मुदतीच्या शिक्षा झाल्या आणि १९५७ पर्यंत ते गोव्याच्या तुरुंगांत राहिले.

हे सारे पायीं गेले, हें येथें ध्यानांत घेतलें पाहिजे. सत्याग्रहास पायीं जाणें शोभतें, हें तर खरेंच. पण दुसरेंही एक कारण होतें. आगगाडीनें गेलेला कुळ्यास सांपडे, मोटारीनें गेलेला पत्रादेवीस. पायीं जाणारा कोठूनही शिरूं शके. पोर्तुगीज अधिकाऱ्यांपुढें जुनाच पेंच उभा राहिला, जो मिठाच्या तांड्यांनीं घातला होता. फरक इतकाच कीं, तांडा चौकी चुकवी. सत्याग्रही चौकीसमोर येऊन उभा राही. अशा मनुष्यास परत फिरविण्याचे उपाय दोनच, लाठी आणि गोळी. १५ ऑगस्ट १९५५ रोजीं हजारों सत्याग्रही बांदें, तेरेखोल, कॅसल रॉक अशा ठिकठिकाणांहून निघाले तेव्हां पोर्तुगीजांनीं दुसरा उपाय केला. वीसाहून अधिक माणसें त्या दिवशीं ठार झालीं. पत्रादेवीस पडलेल्यांत पंजाबचे कर्नैलसिंग होते. ज्या गोव्याशीं त्यांचा नात्याचा वा भाषेचा कांहीं संबंध नव्हता, त्यासाठीं ते तेथवर चालत आले होते.

त्यानंतर भारत सरकारनें आगगाडी बंद केली, व्यापार बंद केला, पैसे पाठविणें बंद केलें. सप्टेंबरांत सामुदायिक सत्याग्रहही थांबविण्यांत आला. कॅसल रॉक आणि कुळें ह्यांमधले रूळ गवताखालीं जाऊं लागले. गोव्याची कोंडी होऊन पोर्तुगाल नमेल, अशी अपेक्षा होती. ती फळली नाहीं. खुष्कीची हद्द मिटली, पण समुद्र उघडा होता, आणि दाबोळीस विमानतळ बांधून पोर्तुगीजांनीं स्वतःची विमानसेवा सुरू केली. तीं विमानें कराचीस जात. बटाटे हॉलंडहून, तांदूळ पाकिस्तानांतून, चहा सिलोनहून येऊं लागला. लोखंडाचा कच्चा माल मुरगांवाहून जपानास जाई आणि त्या पैशावर बाजार भरलेला राही. १९४८-४९ मध्यें बर्लिनचे रस्ते आणि रूळ तोडले गेले, तेव्हां विमानांनींच शहर जगविलें होतें. येथें बाजू निराळ्या आणि न्याय निराळा. परंतु एक दार लावलें असतां दुसरें उघडें राहिल्यास काय होतें, हें दोन्हीं ठिकाणीं सारखेंच दिसलें. मला तर वाटतें, त्या कोंडीचा भार सालाझारच्या राजवटीपेक्षां इकडच्या तिकडच्या कुटुंबांवरच अधिक पडला.

आमच्या शेजारीं एक गोमंतकीय आजी राहतात. वयानें नव्वदीच्या पुढच्या, माहेर सावर्ड्याकडचें. १९५४ च्या आरंभीं लग्न होऊन त्या पुण्यास आल्या त्या आगगाडीनें. नव्या लुगड्यांची पेटी कुळ्यास एकदां आणि कॅसल रॉकला एकदां उघडली गेली; घडी मोडल्याचें दुःख त्यांना अद्यापि आठवतें. पुढल्या वर्षीं गाडी बंद झाली. १९५८ मध्यें त्यांचे वडील वारले. परवान्यासाठीं अर्ज केला होता, त्याचें उत्तर येण्यापूर्वींच वडिलांचें वर्षश्राद्ध होऊन गेलें. वडील गेल्याची बातमीही मुंबईच्या एका नातलगाकडून, पुष्कळ दिवसांनीं कळली. “पुण्याहून सावर्डें एका रात्रीचें, मला सात वर्षें लागलीं,” असें त्या म्हणतात. सत्याग्रहाविषयीं मात्र त्या कधीं कडवट बोलत नाहींत. त्यांच्या यजमानांनीं त्या वेळीं सत्याग्रहींसाठीं घरोघर जाऊन धान्य गोळा केलें होतें.

१९६१ च्या डिसेंबरांत भारतीय सैन्यानें हद्द ओलांडली. १८ डिसेंबरच्या पहांटे उत्तरेकडून दोडामार्गाच्या बाजूनें आणि पूर्वेकडून अनमोड-मोलेंच्या वाटेनें तुकड्या शिरल्या. हद्दीवर त्यांना फारसें कोणी अडविलें नाहीं. अडविलें तें नद्यांनीं. पोर्तुगीजांनीं माघार घेतांना पूल उडवून दिले होते, आणि रणगाडे व मालमोटारी तीरावर खोळंबल्या. त्या सायंकाळीं बेतीच्या कांठीं पोहोंचलेल्या सैनिकांसमोर मांडवीपलीकडे पणजीचे दिवे होते. दुसऱ्या दिवशीं ते नदी उतरून पलीकडे गेले, आणि रात्रीं गव्हर्नर जनरल व्हासालो ए सिल्व्हा ह्यांनीं शरणागति पत्करली. साडेचारशें वर्षांची सत्ता दोन दिवसांत संपली.

हद्द मात्र संपली नाहीं. १६ जानेवारी १९६७ च्या जनमतकौलांत गोव्याच्या मतदारांनीं सुमारें चौतीस हजारांच्या आधिक्यानें महाराष्ट्रांत विलीन न होण्याचा निर्णय दिला. महाराष्ट्रांत तेव्हां पुष्कळांस तो लागला. पण ज्यांची हद्द त्यांनींच तिचा निवाडा करावा, हें योग्यच झालें. १९८७ सालीं गोवें स्वतंत्र घटकराज्य झालें. आतां तेथें मिठाची जकात नाहीं. १ जुलै २०१७ पासून वस्तु व सेवा कर आल्यावर मालमोटारींच्या रांगाही पुष्कळ ओसरल्या. आमच्या पिंपरी-चिंचवडच्या वेशीवरचे जकात नाके तर २०१३ सालींच उठले होते. राहिलें आहे तें दारूचें प्रकरण. इन्सुलीच्या नाक्यावर परतणाऱ्या गाड्या थांबवून बाटल्या शोधतात, तेव्हां झोंपलेल्या उतारूस आपण हद्द ओलांडीत आहों हें प्रथम समजतें. रेंदेरांचा प्रश्न दीडशें वर्षांनीं असा निराळ्या वेषांत उरला आहे. कोंकण रेल्वे १९९८ मध्यें सुरू झाली. तिच्या गाड्या पेडण्यावरून जातात, तेथें पेटी उघडा म्हणणारा कोणी नसतो.

मध्यंतरीं एकदां जुनें दृश्य पुन्हां दिसलें. २०२० च्या मार्चांत साथीमुळें सर्व राज्यांच्या हद्दी मिटल्या. आगगाड्या आणि मोटारी एका हुकुमासरशीं उभ्या राहिल्या. २०२१ च्या मे महिन्यांत गोव्यांत शिरणाऱ्यांस तपासणीचा दाखला सक्तीचा झाला. दोडामार्ग-सांवतवाडीकडील जे तरुण रोज सकाळीं गोव्यांत कामास जातात आणि रात्रीं घरीं परततात, त्यांची तेव्हां मोठी अडचण झाली. त्यांना ही हद्द परमुलखाची कधीं वाटलीच नव्हती.

आजी पुन्हां माहेरीं गेल्या त्या १९६२ च्या जानेवारींत, बेळगांवाहून अनमोडच्या रस्त्यानें, मोटारीनें. रूळ अजून पूर्ववत् झालेले नव्हते. पेटीची किल्ली त्यांनीं लोंढ्यापासूनच हातांत धरून ठेवली होती. चौकीचें घर आलें. दार उघडें होतें आणि आंत कोणी नव्हतें. चालकानें गाडी थांबविली नाहीं. मोलेंचें रान सरेपर्यंत किल्ली आपल्या हातांतच राहिली होती, असें त्या सांगतात.